विमानात आधी कोणी चढावे?

कावेरीच्या मुखाकडील सुपीक प्रदेशात "आधी कोणाला?" हा प्रश्न फार जुन्या काळापासून पाण्याच्या निमित्ताने विचारला जात आला आहे. १९३४ साली पुरे झालेल्या मेट्टूरच्या धरणातून, साठा पुरेसा असेल त्या वर्षी, १२ जूनला पाणी सोडण्याचा प्रघात आहे. ते पाणी कल्लणैच्या प्राचीन बांधापाशी येते, तेथे नद्या-कालव्यांत वाटले जाते आणि मग शेताशेतांतून समुद्राकडे सरकत जाते. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याचे वाफे तुडुंब भरलेले असतात, त्या वेळी कालव्याच्या शेपटाशी असलेल्या गावात माती अजून भेगाळलेलीच असते. या शेवटच्या टोकाला तमिळ भाषेत 'कडैमडै' असे म्हणतात. तंजावर भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याने हा शब्द उच्चारला, की त्यात आपसूकच एक गाऱ्हाणे असते.

तंजावरहून कुंभकोणम्‌ला जाताना वाटेत कुडमुरुट्टी नदीच्या काठी पापनाशम् हे तालुक्याचे गाव लागते. नवग्रहांच्या क्षेत्रांची यात्रा करणारी मराठी कुटुंबे येथून नेहमी जातात. पण गाडी थांबवून येथील शिवमंदिराजवळचे नायक राजांच्या काळातील विटांचे प्रचंड धान्यकोठार पाहणारी थोडीच. १८५५ पर्यंत ज्या तंजावरात भोसल्यांची गादी होती, त्या मुलखातले हे गाव. भाताची शेती, देवळे आणि रेल्वेचे एक लहानसे स्टेशन एवढेच त्याचे वैभव असे पूर्वी म्हणता आले असते. आज तसे म्हणता येणार नाही. या भागातील पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी सिंगापूरला, मलेशियात किंवा आखातात नोकरीस असते, आणि सुमारे ८० किलोमीटरांवरचा तिरुच्चिरापल्लीचा विमानतळ हा त्या घरांच्या दृष्टीने जणू वेशीबाहेरचा गाडीतळ झाला आहे. त्याची नवी प्रशस्त इमारत २ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली आणि त्याच वर्षीच्या जूनपासून वापरात आली.

मुलाकडे किंवा मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी निघालेली जी आजी या इमारतीत पाऊल टाकते, तिला पाण्याच्या पाळीचा प्रश्न पुन्हा एकदा, पण अगदी अनोळखी वेषात, भेटतो. विमानाच्या दारापाशी घोषणा सुरू होते. प्रथम चाकांच्या खुर्चीवरील प्रवासी व तान्ही मुले असलेली कुटुंबे. मग वरच्या वर्गाचे तिकीट घेतलेले. मग त्या कंपनीच्या विमानांतून वारंवार प्रवास करून विशिष्ट दर्जाचे कार्ड मिळविलेले. मग थोडे अधिक पैसे भरून 'अग्रक्रम' विकत घेतलेले. आणि त्यानंतर उरलेले सर्व, क्रमांकांच्या गटागटांनी. तपशील कंपनीगणिक बदलतात, पण सांगाडा जवळजवळ सगळीकडे असाच. घोषणा इंग्रजीत, घाईने आणि सदोष ध्वनिक्षेपकावरून होते. आजीला एवढेच कळते, की सगळे उठून उभे राहिले आहेत, तेव्हा आपणही उभे राहिले पाहिजे.

वस्तुतः उभे राहण्याचे तिला काही कारण नसते. तिच्या हातातल्या बोर्डिंग पासावर आसनाचा क्रमांक छापलेला आहे. ती सर्वांत शेवटी गेली, तरी ते आसन दुसऱ्या कोणाला मिळणार नाही. पापनाशम् स्टेशनावर गाडी जेमतेम एकदोन मिनिटे थांबते. तेथे अनारक्षित डब्याकडे धावणाऱ्या माणसाची घाई समजण्याजोगी आहे, कारण त्याची जागा त्याच्या पायांच्या वेगावर अवलंबून असते. आरक्षित डब्याचा प्रवासी मात्र आपला डबा कोठे येणार ते पाहून शांतपणे उभा असतो. मग विमानाच्या दारात, जेथे प्रत्येकच जण आरक्षित आहे, ही चढाओढ कशासाठी?

ती आसनासाठी नसतेच. ती डोक्यावरच्या कप्प्यासाठी असते. देशांतर्गत प्रवासात साध्या वर्गाच्या प्रवाशाला साधारणपणे ७ किलोंचा एक नग हातात नेता येतो. शिवाय लॅपटॉपची पिशवी, खांद्यावरची झोळी, विमानतळावर घेतलेल्या मिठाईचे पुडे. विमानात सुमारे १८० माणसे बसतात. त्या सर्वांच्या पेट्या कप्प्यांत मावत नाहीत. जो मागून आला त्याची पेटी चार ओळी मागे जाते किंवा दारातूनच काढून घेऊन विमानाच्या पोटात टाकली जाते, आणि मग उतरल्यावर सरकत्या पट्ट्यापाशी अर्धा तास ताटकळणे आलेच. अमेरिकेत २००८ साली मोठ्या कंपन्यांनी पोटात टाकायच्या पहिल्याच पेटीसाठी पैसे घेण्यास सुरुवात केली. तेव्हापासून तेथील प्रवाशांनी जमेल तेवढे सामान हातातच धरले आणि दारातली गर्दी वाढली. पेटीचे पैसे घेणारी कंपनी आणि पेटीसाठी जागा राखून देणारे कार्ड विकणारी कंपनी एकच असावी, हा योग लक्षात घेण्यासारखा आहे.

आता कोणी म्हणेल, की विमान लवकर भरावे म्हणून काही क्रम लावणे भागच आहे. हे म्हणणे अगदी खरे आहे. विमान आकाशात असते तेव्हाच ते कमावते. जमिनीवर उभे असताना ते केवळ खर्च करते. स्वस्त दराच्या कंपन्या आलेले विमान अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा उडविण्याची पराकाष्ठा करतात. तेव्हा माणसे आत घेण्यातली पाचदहा मिनिटे त्यांच्या लेखी फार मोलाची असतात. मग प्रश्न असा, की सर्वांत वेगवान क्रम कोणता?

सामान्य माणसाचे उत्तर तयार असते: मागच्या ओळी आधी भरा आणि पुढे पुढे या. आपल्याकडील कालव्यांवर शेपटाकडून मुखाकडे पाणी देण्याचा जो नियम आहे, तोच हा न्याय. पाण्याच्या बाबतीत तो उत्तम ठरतो. विमानाच्या बाबतीत मात्र तो सपशेल फसतो, हे जेसन स्टेफन नावाच्या एका खगोलशास्त्रज्ञाने दाखवून दिले. विमानतळावर ताटकळत उभे राहण्याच्या कंटाळ्यातून हा माणूस ताऱ्यांकडून रांगांकडे वळला. २००८ साली त्याने गणिताने एक क्रम सुचविला आणि नंतर एका खोट्या विमानात खरी माणसे घालून त्याचा प्रयोग झाला. १२ ओळी, दर ओळीत ६ आसने, मध्ये एकच चिंचोळी वाट, आणि पेट्या घेतलेले ७२ प्रवासी. मागून पुढे असे ओळीओळीने चढविले, तेव्हा ६ मिनिटे ११ सेकंद लागले. कसलाही क्रम न लावता, ज्याला जसे सुचेल तसे सोडले, तेव्हा ४ मिनिटे ४४ सेकंद. आधी सगळे खिडकीपाशी बसणारे, मग मधले, मग वाटेच्या कडेचे, असे घेतले तेव्हा ४ मिनिटे १३ सेकंद. आणि स्टेफनच्या क्रमाने ३ मिनिटे ३६ सेकंद.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वेळ चालण्यात जात नाही. तो पेटी वर ठेवण्यात जातो. शेवटच्या चार ओळींची माणसे एकदम आत सोडली, की ती सगळी वाटेच्या त्याच चार हातांच्या तुकड्यात अडकतात. एक जण पेटी ढकलत असतो आणि बाकीचे त्याच्या पाठीमागे निमूटपणे उभे. पुढची सगळी वाट मात्र मोकळी. त्यातच खिडकीवाला मागून आला, तर आधी बसलेल्या दोघांना उठून बाहेर यावे लागते. स्टेफनने खिडकीवाल्यांना आधी घेतले आणि एक ओळ सोडून एक असे पाठविले, म्हणजे एकाच वेळी अनेकांना हात वर करून पेटी ठेवता येते. अर्थात नवरा खिडकीशी, बायको मध्ये आणि लेकरू कडेला अशी ताटातूट करून कुटुंबाला तीन वेगळ्या वेळी आत पाठविणे कोणालाच शक्य नाही. त्यामुळे हा क्रम जसाच्या तसा कोणी स्वीकारला नाही. अमेरिकेतील युनायटेड कंपनीने २६ ऑक्टोबर २०२३ पासून साध्या वर्गासाठी खिडकी, मध्य, कड असा क्रम लावला, आणि एका तिकिटावरच्या कुटुंबाला एकत्र जाण्याची मुभा ठेवली. पण त्यांच्याही घोषणेत हा क्रम सुरू होतो, तो कार्डवाल्यांचे सर्व गट आत गेल्यानंतर!

तात्पर्य, दारातला क्रम वेगासाठी लावलेला नाही. वेगच हवा असता, तर नुसते दार उघडून बाजूला उभे राहिले तरी गटांच्या क्रमापेक्षा काम लवकर झाले असते. हा क्रम म्हणजे विक्रीस काढलेली एक वस्तू आहे.

ती विक्रीस कशी आली, याचा इतिहास फार जुना नाही. १९७८ साली अमेरिकेने विमान कंपन्यांवरची भाड्याची व मार्गांची सरकारी बंधने उठविली. स्पर्धा सुरू झाली, तेव्हा गिऱ्हाईक टिकवायचे कसे ही चिंता आली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने वारंवार येणाऱ्या प्रवाशाच्या नावे मैल जमा करण्याची योजना काढली आणि इतरांनी लगोलग तिचे अनुकरण केले. पुढे मैलांबरोबर दर्जे आले, दर्जांबरोबर रुपेरी-सोनेरी कार्डे आली, आणि कार्डाबरोबर आधी चढण्याचा मान आला. आपल्या देशात १९५३ साली विमानवाहतूक राष्ट्रीय झाली होती. देशांतर्गत प्रवासाला एकच कंपनी असताना निष्ठेचे बक्षीस कोण देणार? खासगी कंपन्या नव्वदीच्या दशकात आल्या, तेव्हा ही कार्डेही आली. एअर इंडियाची जुनी योजना २०२५ पासून 'महाराजा क्लब' या नावाने चालते. इंडिगोने २०२४ साली आपली योजना काढली.

दारातल्या चढाओढीबद्दल सर्वांत अधिक चरफडणारा जर कोणी असेल, तर तो आजीचा मुलगा नव्हे, हा कार्डवालाच असतो. त्याच्याकडे तुच्छतेने पाहू नये. त्याचीही एक बाजू आहे. तो आठवड्यातून दोनदा पहाटे चारला घर सोडतो, मुलांचे वाढदिवस चुकवितो, आणि त्या बदल्यात कंपनीने त्याला एक लहानसे वचन दिलेले असते. पण हेच वचन कंपनीने इतक्यांना दिले, की सोमवारी सकाळच्या मुंबई-दिल्ली विमानाच्या दारात 'अग्रक्रमा'ची रांग साध्या रांगेपेक्षा लांब दिसते. त्यातच आता मैलांपेक्षा खर्चलेल्या पैशांचा हिशेब अधिक होतो. स्वस्त तिकिटावर वीस वेळा गेलेला मागे पडतो आणि महागड्या तिकिटावर पाच वेळा गेलेला पुढे जातो. शिवाय हे नाणे एकाच दुकानात चालणारे. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, तेव्हा वर्षानुवर्षे जमविलेला दर्जा दाखवायला दारच उरले नाही.

आणि विमान जर लांब मैदानात उभे असेल, तर या सर्व मानपानाची जी गंमत होते, ती पाहण्यासारखी असते. दारातून प्रथम सोडलेले मानकरी बसमध्ये प्रथम चढतात, साहजिकच आत सरकत जातात. साधी मंडळी मागाहून येऊन दारांशी दाटीवाटीने उभी राहतात. बस विमानापाशी पोचते, दारे उघडतात, आणि जे शेवटी चढले तेच प्रथम उतरून शिडीकडे चालू लागतात. मानकरी त्यांच्या मागून.

क्रमच नको, असाही प्रयोग झालेला आहे. अमेरिकेच्या साउथवेस्ट कंपनीने पन्नासहून अधिक वर्षे आसनांना क्रमांकच दिले नव्हते. जो आधी चढेल त्याने हवे तेथे बसावे. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ साली आपल्याकडे एअर डेक्कन सुरू केली, तेव्हा तेथेही सुरुवातीला हाच खाक्या होता, आणि आयुष्यात प्रथमच विमान पाहणारी माणसे एस. टी.त रुमाल टाकण्याच्या सवयीने शिडीकडे धावत. साउथवेस्टने २७ जानेवारी २०२६ पासून ती पद्धत सोडून ठरलेली आसने दिली. त्यांच्याकडे आधी चढण्याचा क्रमांक स्वतंत्रपणे विकला जातच होता. तेव्हा समता तेथेही फार पूर्वीच सरली होती.

पैसे देऊन पुढे जाणे आपल्याला सर्वस्वी परके आहे, असेही म्हणता येत नाही. कुंभकोणम् परिसरातील मोठ्या देवळांत धर्मदर्शनाची रांग वेगळी आणि तिकिटाच्या खास दर्शनाची वेगळी असते. परंतु आपल्याकडे क्रम ठरविण्याची दुसरीही एक रीत आहे, आणि ती प्रत्येक मराठी माणसाने आपल्या अंगणात पाहिलेली आहे. लग्नघरच्या पंगतीत मुलांना आधी बसवतात, कारण त्यांना भूक धरवत नाही. म्हाताऱ्यांना आणि पथ्याच्या माणसांना त्यांच्याबरोबर. मानाचे पाहुणे असतातच, त्यांच्यासाठी पाट-रांगोळीही असते. यजमान मात्र शेवटच्या पंगतीला. यात गरज आणि मान या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळखलेल्या आहेत, आणि गरजेला आधी स्थान आहे. विमान कंपन्यांच्या यादीतही गरजेचा गट कागदावर पहिला आहे. अडचण अशी, की त्याची घोषणा आणि मानकऱ्यांची घोषणा यांत अर्ध्या मिनिटाचेही अंतर नसते. तान्हे मूल काखेत, पिशव्या हातात आणि कागद दातांत धरलेली आई रांगेच्या मागून पुढे येईपर्यंत पुढचा गट आत शिरलेला असतो, आणि तिला कोणी वाट देत नाही. ती दुष्टपणाने अडविली जाते असे नाही. तिचा हक्क कोणी ऐकलेलाच नसतो.

चाकांच्या खुर्चीचेही असेच. धडधाकट दिसणारे वृद्ध खुर्ची मागतात, म्हणून पुष्कळजण नाके मुरडतात. तसे लबाडीने करणारे असतीलही. पण परदेशी मुलाकडे प्रथमच एकट्या निघालेल्या आईसाठी मुलगा तिकडून खुर्ची नोंदवितो, तो तिचे पाय थकले म्हणून नव्हे, तर खुर्चीबरोबर एक माणूस मिळतो म्हणून. तिला इंग्रजी येत नाही. दरवाजांचे क्रमांक, विमान बदलण्याची जागा, भरायचे कागद, यांतून हात धरून नेणारे कोणी हवे असते. असा माणूस खुर्चीशिवाय मिळाला असता, तर पुष्कळ खुर्च्या खरोखरीच्या अपंगांसाठी मोकळ्या राहिल्या असत्या. तिरुच्चिरापल्लीसारख्या ठिकाणी, जेथून जाणाऱ्यांत पहिल्यांदाच विमान पाहणारे पुष्कळ, तेथे तरी तमिळमध्ये सावकाश केलेली एक घोषणा आणि दारापाशी उभा एक मदतनीस एवढ्याने निम्मी धांदल थांबेल.

या संदर्भात आपल्याच एका माणसाची आठवण होते. १९७७ साली प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. तिसरा वर्ग १९७४ मध्येच नावाने गेला होता, पण दुसऱ्या वर्गाची लाकडी फळी तशीच राहिली होती. दंडवत्यांनी पहिल्या वर्गाचे काही काढून घेतले नाही. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनफळीवर दोन इंचांची गादी घालण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई-हावडा मार्गावर गीतांजली एक्सप्रेस ही वर्गभेद नसलेली गाडी सुरू झाली. विमानाच्या बाबतीत ती दोन इंचांची गादी म्हणजे डोक्यावरचा कप्पा. प्रत्येक आसनाच्या वर त्या आसनापुरती जागा राखलेली असेल, हातातल्या सामानाचा नियम कार्डवाल्यालाही तितक्याच कसोशीने लागू होत असेल, तर सोनेरी कार्डाचा मान तसाच राहूनही आजीला उठून उभे राहण्याचे कारण उरणार नाही. नव्या विमानांत पेट्या आडव्या न ठेवता कडेवर उभ्या राहतील असे खोल कप्पे येऊ लागले आहेत. त्यांत पूर्वीपेक्षा बऱ्याच अधिक पेट्या मावतात. उपाय सुताराचा आहे, शास्त्रज्ञाचा नव्हे.

तोवर वाचकांपैकी ज्यांना अशा प्रवासाचा योग येईल, त्यांनी औषधे, कागदपत्रे आणि बाळाचे दूध एवढेच एका लहान पिशवीत घ्यावे, जी पुढच्या आसनाखाली जाईल. बाकीचे सामान तिकिटाबरोबर मिळणाऱ्या वजनात खाली द्यावे. मग कप्प्याची चिंता राहत नाही, आणि शेवटच्या गटाचा पुकारा होईपर्यंत खुशाल बसून राहता येते. लहान मूल किंवा वृद्ध बरोबर असल्यास मात्र घोषणेची वाट न पाहता दारावरच्या कर्मचाऱ्याला आधीच जाऊन सांगून ठेवावे. ऐन वेळी रांग ओलांडण्यापेक्षा ते सोपे पडते.

उतरण्याचा क्रम अद्याप कोणी विकत नाही. चाके जमिनीला लागताच अर्धे विमान उभे राहते, हा भाग वेगळा. इंडिगोने २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुढे दोन आणि मागे एक अशा तीन दारांनी माणसे उतरविण्याची सोय जाहीर केली; मोठे विमान रिकामे होण्यास जी १३-१४ मिनिटे लागत, ती त्यामुळे ७-८ वर येतात असे कंपनीने सांगितले. चाकांच्या खुर्चीवरचा प्रवासी तेवढा, सर्वांच्या आधी आत गेलेला असूनही, सर्वजण उतरून जाईपर्यंत आपल्या आसनावर बसून असतो. खुर्ची घेऊन येणाऱ्या माणसाची वाट पाहत.